सांजवेळी पाने जोडणारे रोप

दिवस मावळला, की अंगणातील चिंच आपली बारीक पाने मिटून घेते. वाटेकडेचा टाकळा मिटतो, आपट्याची जोडपाने एकमेकांस टेकतात, लाजाळू तर आधीच मान टाकून बसलेली असते. खेड्यात वाढलेल्या मुलास हे कोणी शिकवावे लागत नाही. “झाडे निजली, आता पानाला हात लावू नये,” असे त्याने आजीच्या तोंडून कितीदा तरी ऐकलेले असते.

अशा निजणाऱ्या वनस्पतींपैकी एक परदेशी रोप अलीकडे आमच्या खेड्यांतील घरांतही दिसू लागले आहे. शहरात नोकरीस असलेली मुले सुटीवर येताना ते कुंडीसकट घेऊन येतात. रोप बुटके, जेमतेम वीतभर किंवा थोडे अधिक उंच. पाने लंबगोल असून त्यांवर गडद ठिपके असतात. एका जातीत शिरा तांबड्या, जणू कोणी कुंचल्याने रेखल्या आहेत. दिवसा ही पाने आडवी पसरलेली असतात. तिन्हीसांजेला ती हळूहळू उभी राहतात व जोडलेल्या हातांप्रमाणे दिसू लागतात. म्हणूनच रोपवाटिकेत त्यास ‘प्रेयर प्लांट’, म्हणजे प्रार्थनेचे रोप, असे नाव पडले आहे.

या नावानेच आमच्या गावातील एका घरात मोठा घोळ घातला. आणि त्या घोळात आमचाही वाटा होता, हे प्रथमच कबूल केलेले बरे. एका रविवारी प्रवचनाच्या ओघात आम्ही म्हणून गेलो, की मुके झाडदेखील सायंकाळी हात जोडते आणि आपण मात्र रोझरीच्या वेळी जांभया देतो! वाक्य ऐकावयास बरे वाटले. काही महिन्यांनी एक वृद्ध माउली आमच्याकडे आली व डोळ्यांस पदर लावून म्हणाली, “फादर, आमचे झाड प्रार्थना करीत नाही. सून घरात आली आणि त्याने हात जोडणे सोडले.”

आम्ही त्याच सायंकाळी तिच्या घरी गेलो. सून दाराआड उभी होती. तिचा चेहराच सर्व सांगत होता. माउलीने ते रोप भक्तिभावाने घरातील आल्ताराच्या खाली, अंधाऱ्या कोनाड्यात ठेवले होते. वर विजेचा लहान दिवा अहोरात्र जळत असे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेले, माती चिखलासारखी, पानांच्या कडा करपलेल्या. रोपाला दिवसा पुरेसा उजेड नव्हता आणि रात्री पुरता काळोख नव्हता. यात सुनेचा काय अपराध?

हे पान हलते तरी कसे, ते समजून घेऊ. देठ जेथे पानास मिळतो तेथे नीट पाहिले तर एक किंचित फुगीर सांधा दिसतो. त्यातील पेशी पाण्याने भरल्या की ताठ होतात, पाणी ओसरले की सैल पडतात. पोटॅशियमसारखे क्षार एका बाजूच्या पेशींतून बाहेर जातात, त्यांच्यामागून पाणी जाते. दुसऱ्या बाजूच्या पेशी फुगतात आणि पान वळते. पहाटे हाच व्यवहार उलट दिशेने होतो.

पण वेळ झाली, हे रोपास सांगतो कोण? केवळ सूर्य, असे आपण म्हणू. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप काळोखात ठेवून पाहिले. ऊन न लागताही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. म्हणजे वनस्पतीच्या अंगातच एक घड्याळ आहे. मात्र ते घड्याळ रोजच्या उजेडाने व काळोखाने जुळवून घ्यावे लागते. सतत दिवा जळत राहिला, की त्याचा ठोका मंदावतो. त्या आल्ताराखाली हेच घडले होते.

पाने मिटण्याचा उपयोग काय, याचा विचार चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात केला. काही निजणाऱ्या झाडांची पाने त्यांनी टाचण्यांनी आडवी धरून ठेवली. थंडीच्या रात्री ती पाने मोकळ्या पानांपेक्षा अधिक करपली. उभे पान उघड्या आकाशाकडे आपली ऊब कमी गमावते, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

आपल्याच देशातील एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. आज बांगलादेशात असलेल्या फरीदपूर येथे खजुरीचे एक कललेले झाड होते. सायंकाळी देवळातील घंटा वाजू लागल्या, की ते मान लववी. सकाळी पुन्हा वर उचली. लोक यात्रेला येऊ लागले. सर जगदीशचंद्र बोस यांनी आपली नाजूक यंत्रे लावून त्या झाडाची हालचाल टिपली. ती घंटेशी नव्हे, हवेतील उष्म्याच्या चढउताराशी जुळत होती. दिवसाच्या उष्म्याने झाड खाली येई, रात्रीच्या गारव्याने वर जाई. झाडाचे नवल त्यामुळे कमी झाले नाही. मात्र घंटेवरचा आळ गेला.

आता निगेकडे वळू. या रोपाचे शास्त्रीय नाव मारांता. बार्तोलोमेओ मारांता या सोळाव्या शतकातील इटालियन वैद्याच्या स्मरणार्थ ते दिले गेले. आजाऱ्याला ज्याची पेज पाजतात ते खरे आरारोट याच्याच भावंडाच्या कंदापासून निघते. आपले हे रोप मात्र ब्राझीलच्या रानातले, मोठ्या वृक्षांच्या सावलीत, ओलसर भूमीवर वाढणारे. एवढे ध्यानात ठेवले, की पुढचे सारे आपोआप समजते.

त्यास उजेड हवा, पण थेट ऊन नको. उन्हाने पानांचा रंग विटतो. पूर्वेच्या खिडकीपासून हात-दोन हात आत ठेवावे. मुळे वरवरच पसरतात, म्हणून कुंडी उथळ व रुंद असावी. कुजलेला पालापाचोळा, थोडी वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून माती भुसभुशीत करावी. बोट खुपसून पाहावे. वरची इंचभर माती सुकली असेल तरच पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांनी पानांची टोके तपकिरी होतात, यास्तव पागोळीचे पावसाचे पाणी साठवून वापरणे उत्तम. उन्हाळ्यात हवा कोरडी पडते. तेव्हा पसरट ताटात खडे व पाणी घालून, कुंडीचे बूड पाण्यास टेकणार नाही अशा बेताने ती वर ठेवावी. थंडीत पारा १५ अंशांखाली उतरू लागला, तर उघड्या खिडकीपासून रोप दूर न्यावे. पानांच्या मागे बारीक जाळे दिसले तर ते कोळ्याच्या जातीच्या किडीचे समजावे. ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत. फांदी पेराखाली कापून पाण्यात ठेवली, तर काही आठवड्यांत मुळे फुटतात. रोप विषारी नाही, म्हणून रांगत्या मुलांच्या घरीही चिंता नसावी. आणि रात्री दिवा मालवावा!

त्या घरी आम्ही कुंडी आल्ताराखालून उचलून पूर्वेच्या खोलीत ठेवविली, माती बदलविली. करपलेली पाने पुन्हा हिरवी झाली नाहीत; ती कापावीच लागली. परंतु पावसाळा लागला आणि नवी पाने फुटली. एका संध्याकाळी ती उभी राहिलेली प्रथम पाहिली ती सुनेने, कारण पाणी घालण्याचे काम तिने आपणहून घेतले होते. तिने सासूबाईंना हाक मारली. दोघी कितीतरी वेळ कुंडीपाशी उभ्या होत्या, असे मुलाने आम्हांस सांगितले. माउलीने सुनेजवळ क्षमा मागितली की नाही, ते आम्ही विचारले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आमचे ते वाक्य मात्र सर्वांसमोर मागे घेतले. झाड प्रार्थना करीत नाही, वाचकहो. झाड आपल्या धर्माने वागते, आणि तेवढे नवल पुरेसे आहे. हात जोडणे हे आपले काम आहे. ते झाडावर सोपवू नये. आणि झाडाचे पान मिटले नाही, म्हणून घरातील कोणाकडे बोटही दाखवू नये.