सर्जनशील विचारांची मशागत

सर्जनशीलता हा शब्द उच्चारताच कवी, चित्रकार, गायक किंवा शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. ‘ती देणगी जन्मतःच लाभावी लागते’ असे म्हणून आपण विषय संपवतो. या समजुतीची झळ सर्वप्रथम आपल्याच घरातील मुलांना लागते. ज्या मुलाला चित्रकलेत बक्षीस मिळत नाही, ज्याचा गळा गोड नाही, ते ‘साधारण’ ठरते आणि त्याच्या प्रश्नांकडे लक्ष देणे हळूहळू थांबते. ते मूल भातसानगरच्या धरण-वसाहतीतील असो, मुरबाडच्या पाड्यावरील असो वा ठाण्याच्या सदनिकेतील, नुकसान सारखेच. मानसशास्त्राचा निष्कर्ष मात्र आशादायक आहे. सर्जनशील विचार अनेक घटकांचा बनलेला असतो. त्यांतील बरेचसे घटक घरात जोपासता येतात, आणि घरातच ते कोमेजूही शकतात.

मानसशास्त्राचे निरनिराळे दृष्टिकोन

सिग्मंड फ्रॉइड यांनी 1908 साली लेखकाच्या कल्पनासृष्टीचे नाते मुलांच्या खेळाशी जोडले. मूल खेळताना स्वतःचे जग रचते. मोठेपणी खेळ सुटला तरी ती वृत्ती दिवास्वप्नांच्या आणि निर्मितीच्या रूपाने टिकून राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

समष्टिवादी मानसशास्त्रज्ञांनी समस्येकडे पाहण्याच्या दृष्टीवर भर दिला. कार्ल डुंकर यांचा मेणबत्तीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेला खोका देऊन मेणबत्ती भिंतीवर बसवण्यास सांगितले जाई. खोका रिकामा करून भिंतीला टाचला की त्याचीच फळी होते. परंतु खोका भरलेला दिला असता हे अनेकांना सुचत नसे. ‘खोका म्हणजे वस्तू ठेवण्याची जागा’ या सवयीच्या अर्थात मन अडकून पडे.

जे. पी. गिलफर्ड यांनी 1950 साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाची उपेक्षा होत असल्याची खंत व्यक्त केली. विचाराचे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. एकाच अचूक उत्तराकडे नेणारा तो अभिसारी विचार. एका प्रश्नातून अनेक वाटा काढणारा तो अपसारी विचार. आपल्या परीक्षा बहुतांशी पहिल्या प्रकारच्याच असतात.

अपसारी विचाराचे घटक घरातल्या करवंटीवरूनही समजून घेता येतील. ‘करवंटीचे उपयोग किती?’ असे मुलाला विचारावे. भराभर अनेक उत्तरे आली तर तो विचारांचा ओघ. डाव, वाटी, पेला यांपुरते न थांबता मूल वाद्य, पणती, रोपाचे कुंडे अशा निराळ्या दिशांना वळले तर ती लवचिकता. इतर कोणाला सहसा सुचणार नाही असे उत्तर म्हणजे मौलिकता. आणि सुचलेली कल्पना बारकाव्यांसह पुढे नेणे म्हणजे विस्तार. ई. पॉल टॉरन्स यांनी 1966 साली याच घटकांवर आधारित चाचण्या सिद्ध केल्या. मात्र अशा चाचणीतील गुण म्हणजे मुलाचे भवितव्य नव्हे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

कल्पना पिकण्याचे चार टप्पे

ग्रॅहम वॉलस यांनी 1926 साली सर्जनाचे चार टप्पे मांडले: पूर्वतयारी, उबवण, स्फुरण आणि पडताळा. शहापूर-मुरबाडच्या भातशेतकऱ्याला हा क्रम नवा वाटणार नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडाशी पेरायचे, रोपे हाताशी येईपर्यंत थांबायचे आणि मगच आवणीला लागायचे. रोप लवकर यावे म्हणून कोणी ते ओढून उंच करीत नाही. मुलांच्या विचारांच्या बाबतीत मात्र आपल्याला तेवढा धीर राहत नाही.

उबवणीचा काळ बाहेरून आळसासारखा दिसतो. मन प्रत्यक्ष प्रश्नावर नसते, तरी आत जुळवाजुळव चालू असते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी नमूद केले आहे की, चांगल्या कल्पना त्यांना लेखनाच्या मेजाशी किंवा थकलेल्या अवस्थेत सुचत नसत. प्रसन्न दिवशी टेकडीची रानवाट सावकाश चढताना त्या येत. अलीकडच्या संशोधनाने या अनुभवाला दुजोरा दिला आहे. 2014 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत बसून राहण्यापेक्षा चालताना अपसारी विचार अधिक फुलतो असे आढळले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात अंकांच्या कोड्यामागे एक सोपा नियम दडवलेला होता. मध्ये आठ तास झोप घेतलेल्यांपैकी 59 टक्के लोकांना तो उमगला. तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांपैकी अवघ्या 23 टक्क्यांना. पुरेशी झोप हा केवळ शरीराच्या आरोग्याचा विषय नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

बोर्डी-कोसबाडचा धडा

हार्वर्डमध्ये दीर्घकाळ अध्यापन केलेल्या तेरेसा अमाबिले यांनी 1983 साली घटकांची अधिक व्यापक मांडणी केली. विषयाचे ज्ञान व कौशल्य, सर्जनशील विचारपद्धती आणि कामाविषयीची आंतरिक प्रेरणा हे तीन घटक व्यक्तीच्या ठायी असतात. त्यांना भोवतालच्या वातावरणाची साथ लागते. या मांडणीचे उत्तम उदाहरण तिच्या कित्येक वर्षे आधी आपल्याच भागात घडून गेले आहे.

1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. भातसेचे खोरे सह्याद्रीच्या बाजूला, तर बोर्डी समुद्रकाठी. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. अडचण उघड होती. गरीब वस्त्यांतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नव्हती. कोणाला गुरे राखायची होती, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड होते.

‘मुले शाळेत का येत नाहीत?’ हा प्रश्न धरून बसले असते तर उत्तर पालकांना दोष देण्यात संपले असते. या दोघींनी प्रश्नच फिरवला: शाळाच मुलांकडे का जाऊ नये? त्यातून वस्तीच्या अंगणात भरणारी बालवाडी, म्हणजे अंगणवाडी, जन्माला आली. गुराख्यांसाठी चराऊ रानात कुरणशाळा भरू लागली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. त्यामुळे भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता येऊ लागले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पाने आणि माती आली. डुंकर यांच्या खोक्याची फळी व्हावी, तशी चिंचोक्याची गणिताची साधने झाली.

येथे प्रत्येक घटक ओळखता येतो. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत बालशिक्षणाचे काम केले होते. ते झाले ज्ञान. प्रश्न उलटवून पाहणे ही विचारपद्धती. आणि गैरसोयी सोसून वर्षानुवर्षे त्याच कामात राहणे, ही आंतरिक प्रेरणा. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. सर्जनशीलता म्हणजे केवळ चित्र किंवा कविता नव्हे, हे सांगायला याहून जवळचा पुरावा कोणता?

सर्वांत नाजूक घटक

ज्ञान शिकवता येते, विचारपद्धतीचा सराव करता येतो. प्रेरणा मात्र चांगल्या हेतूनेही दुखावली जाऊ शकते. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. काहींना ते अनपेक्षितपणे दिले. काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमत होती. खेळाचे त्यांच्यापुरते काम झाले होते. ‘पहिला नंबर आला तर सायकल घेईन’ असे सहज बोलून जाणाऱ्या आईबाबांनी आणि आजी-आजोबांनी या प्रयोगावर थोडा विचार करावा.

कुटुंबाने काय करावे?

1. रोज थोडा वेळ मुलांना रिकामा ठेवावा. त्या वेळात शिकवणी नको आणि मोबाईलही नको. ‘कंटाळा आला’ या तक्रारीवर लगेच उपाय शोधू नये.

2. तयार खेळण्यांबरोबर बिया, बांबूचे तुकडे, करवंट्या, माती, जुने कापड हाती द्यावे. काय बनवायचे ते मुलाला ठरवू द्यावे.

3. कल्पना सुचत असताना दोष काढू नयेत. पडताळा हा शेवटचा टप्पा आहे. तो पहिल्याच वाक्याला लावला तर दुसरे वाक्य येतच नाही.

4. ‘छान!’ एवढ्यावर न थांबता ‘हे तुला कसे सुचले?’ असे विचारावे. कौतुक प्रयत्नाचे व्हावे, भावंडांशी तुलना करून नव्हे.

5. भोवतालचे खरे प्रश्न मुलांपुढे ठेवावेत. भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते, तरी उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरच्या हंड्याचे श्रम कसे कमी होतील, छपरावरचे पावसाचे पाणी कोठे साठवता येईल, यावर जेवताना सर्वांनी मिळून बोलावे. उत्तर चुकले तरी चालेल. बदलता येण्याजोग्या गोष्टीकडे पाहण्याची सवय मुलाला लागते, हेच मोठे फलित.

6. झोप, मैदानी खेळ आणि पायी फिरणे यांना अभ्यासाच्या वेळापत्रकातील उरलेली जागा नव्हे, तर हक्काची जागा द्यावी.

यांतील एकाही गोष्टीला फारसा खर्च नाही. लागतो तो वेळ आणि संयम. आज एखादे मूल पाण्याविषयी वेडगळ वाटणारी कल्पना मांडील. ती ऐकून घेणारे कोणी घरात असेल, तर ते उद्या दुसरी कल्पना मांडण्याचे धाडस करील. सर्जनशीलतेची मशागत तेथूनच सुरू होते.