कॅश, कासु आणि रोक्क

धारवाडच्या खानावळीत जेवण झाले की वाढपी बिलाची चिठ्ठी ठेवतो आणि म्हणतो, “कॅशवर द्या.” पैसे नोटांनी द्या वा मोबाईलवरून, द्यायचे ते ‘कॅशवर’च. म्हणजे इथे कॅश ही रोकड नव्हे. दाराजवळचे मालकाचे टेबल आणि त्याचा खण. वर्गात एका विद्यार्थ्याने हे उदाहरण देऊन, “हे चुकीचं इंग्रजी ना, सर?” असे विचारले होते.

चुकीचे म्हणवत नाही. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच-इटालियन वाटेने आला. त्याचे मूळ लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी. आधी पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा, असा अर्थ सरकला. मराठीतल्या ‘गल्ला’ शब्दातही पेटी आणि पैसा एकत्र नांदतात: गल्ल्यावर कोण बसले आहे असे आपण विचारतो, आणि आज गल्ला किती जमला असेही. वाढप्याने कॅशला नकळत तिच्या जुन्या घरी नेऊन बसवले आहे.

आपल्या भागात आणखी एक समज आहे. कन्नड-तमिळ ‘कासु’वरूनच इंग्रजी ‘कॅश’ आला, असे अभिमानाने सांगितले जाते. ते अर्धेच खरे. इंग्रजीत एकाच वर्णलेखनाचे दोन शब्द आहेत. दुसरा ‘कॅश’ हे लहान नाण्याचे नाव. तो ‘कासु’पासून पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. मद्रासच्या जुन्या हिशेबात 80 कॅशचा एक फनम आणि 42 फनमांचा एक पॅगोडा होई. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या काही तांब्याच्या नाण्यांवर तर कन्नड ‘कासु’ आणि रोमन लिपीतील ‘कॅश’ शेजारी शेजारी आहेत. पण बँकेतल्या कॅशियरचे नाते पेटीशी आहे, या नाण्याशी नाही.

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत खरी गंमत होते ती ‘रोक्क’ शब्दाची. इथल्या कन्नडात रोक्क म्हणजे पैसा. मराठीत रोख, रोकड. दोन्हींचे मूळ संस्कृत ‘रोक’ मानले जाते. (बोलण्याचा ‘रोख’ मात्र वेगळा, तो फारसी ‘रुख’चा.) कन्नडात अर्थ पसरला, मराठीत आखडला. ‘रोक्क इल्ल’ म्हणणाऱ्याकडे पैसाच नाही. ‘रोख नाही’ म्हणणाऱ्याचे बँकखाते भरलेले असू शकते. दोन्ही भाषा बोलणारी आमची मुले एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना इथे हमखास अडखळतात. पाहुणे त्याला बिघडलेली मराठी म्हणतात. मला तो एकाच घरातल्या दोन बहिणींचा वेगवेगळा संसार वाटतो.

खरी अडचण ‘कॅशलेस’ने केली. दुकानात त्याचा अर्थ नोटांवाचून व्यवहार. 2016 ची नोटाबंदी आणि त्यानंतर पसरलेले यूपीआय यांनी तो घरोघरी पोचवला. दवाखान्यात त्याचा अर्थ निराळा: बिल विमा कंपनी थेट दवाखान्याला देते. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक ‘कॅशलेस’ म्हणजे काहीच द्यायचे नाही, असे समजून पत्नीला दाखल करायला गेले. मंजुरी येईपर्यंत आगाऊ रक्कम भरा, असे सांगण्यात आले. शिवाय विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे वेगळे. रात्री अकराला त्यांचा फोन आला. आवाज कापत होता.

यासाठी मराठीत ‘रोखरहित’ आणि कन्नडात ‘नगदुरहित’ हे शब्द वापरले जातात. दोन्ही नोटा नाहीत एवढेच सांगतात. पैसे कोण देणार, हे सांगत नाहीत. आपल्याकडे ‘परस्पर’ हा साधा शब्द आहे. ‘परस्पर भरणा’ म्हटले तर निदान पैसा कुठून कुठे जातो ते कळते. त्या रात्री मी त्यांना तसेच समजावले: “सर, कंपनी दवाखान्याला परस्पर देते, पण मंजुरीआधीचं आणि विम्याबाहेरचं आपल्याला भरावं लागतं.”

ते क्षणभर थांबले. म्हणाले, “मग तसं लिहायचं की हो.”