कलर मोठा की सिक्वेन्स?

भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरू लागलं की सगळं लोणावळा तिकडे धावतं आणि भुशीतली घरं मात्र दारं लोटून आत बसतात. अशाच एका आषाढी दुपारी आम्ही मामाकडे होतो. वीज गेलेली, चहा झालेला, चटईवर पत्त्यांचा कॅट आणि प्रत्येकापुढे चिंचोक्यांची रास. डाव तीनपत्तीचा होता.

शेवटी दोघंच उरले, मामा आणि माझा धाकटा भाऊ. शो झाला. मामानं पानं मांडली: इस्पिकची सत्ती, बदामची अठ्ठी, किल्वरची नव्वी. सिक्वेन्स. भावानं चौकटचा राजा, चौकटची दश्शी आणि चौकटची पंजी टाकली. कलर. दोघांचेही हात एकदमच चिंचोक्यांकडे गेले.

“मामा, कलर मोठा! हॉस्टेलवर आम्ही पोकर खेळतो, तिथं कलर सिक्वेन्सला मारतो.”

“अरे, तीनपत्तीत सिक्वेन्स वर. पहिल्यापासून.”

दोघंही बरोबर होते. पोकरमध्ये, अगदी आज जगभर खेळल्या जाणाऱ्या टेक्सस होल्डेममध्येसुद्धा, शेवटी पाच पानांचा हात जोखला जातो आणि तिथे कलर सिक्वेन्सच्या वर असतो. तीनपत्तीत नेमकं उलटं. कॅट तोच, बावन्न पानं तीच, मग क्रम का फिरतो? मी वही-पेन्सिल घेऊन बसलो आणि बाहेरच्या पावसाचा विसर पडला.

दोन्ही खेळांच्या मुळाशी एकच न्याय आहे: जो हात दुर्मीळ, तो मोठा. म्हणजे प्रश्न फक्त मोजण्याचा.

बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांतले सिक्वेन्स मोजू. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा सिक्वेन्स होतात. त्यातलं प्रत्येक पान इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर यांपैकी कशाचंही चालतं, म्हणून एकेक सिक्वेन्स ४ × ४ × ४, म्हणजे ६४ प्रकारे जुळतो. एकूण ७६८. यातले ४८ एकाच रंगाचे, म्हणजे प्युअर सिक्वेन्स. ते बाजूला काढले की उरतात ७२०. आता कलर. एका रंगाच्या तेरा पानांतून तीन पानं २८६ प्रकारे निघतात, चारही रंगांची मिळून १,१४४. त्यातून तेच ४८ वजा केले की १,०९६. साधारण वीस वाटपांत एकदा कलर येतो आणि सिक्वेन्स यायला एकतीस वाटपं लागतात. मामाचा हात खरोखरच दुर्मीळ होता.

मग पाच पानं घेतली. आता शक्य हात २५,९८,९६०. सिक्वेन्सचे प्रकार बारावरून दहावर येतात, पण प्रत्येकात पाच जागा आणि प्रत्येक जागेला चार रंगांची मुभा, म्हणजे १,०२४ प्रकार. प्युअर वगळून १०,२०० सिक्वेन्स. आणि कलर? फक्त ५,१०८. पारडं फिरलं! इथे भावाचा कलर दुप्पट दुर्मीळ ठरतो.

कारण फार सुंदर आहे. सिक्वेन्समध्ये वाढणारं प्रत्येक पान चार रंगांचं स्वातंत्र्य घेऊन येतं. कलरमध्ये रंग पहिल्याच पानाला ठरतो आणि त्या रंगाची तेरा पानं हळूहळू संपत जातात. तीनावरून पाचावर जाताना सिक्वेन्स चौदा पटींहून अधिक वाढले, कलर पाच पटही नाहीत.

मग साहजिकच चार पानांचा डाव मोजून पाहिला आणि पेन्सिल थांबलीच. चार पानांचे हात २,७०,७२५. त्यात सिक्वेन्स २,७७२ आणि कलर २,८१६. पावणेतीन लाख हातांत फरक अवघ्या ४४ चा! तिसऱ्या पानाला सिक्वेन्सची सरशी, चौथ्याला जवळजवळ बरोबरी आणि पाचव्याला कलरची सरशी. मामा आणि भाऊ यांच्यामधली भिंत एका पानाइतकी पातळ होती.

वहीत आणखी दोन गमती सापडल्या. तीनपत्तीतला सर्वांत मोठा हात म्हणजे ट्रेल, एकाच दर्ज्याची तीन पानं. असे हात ५२. प्युअर सिक्वेन्स मात्र ४८च. म्हणजे दुर्मीळतेच्या न्यायानं प्युअर सिक्वेन्स वर हवा, पण आपल्या चटईवर राज्य ट्रेलचं. कॅसिनोतल्या थ्री कार्ड पोकरमध्ये हा क्रम आकड्यांप्रमाणे लावलेला आहे, तिथे प्युअर सिक्वेन्स वर बसतो. आणि पाच पानांच्या पोकरमध्ये याच ट्रेलचा थाट पार उतरतो. तशी तीन सारखी पानं तिथे ५४,९१२ हातांत येतात, म्हणून त्यांची जागा सिक्वेन्स आणि कलर या दोघांच्याही खाली.

दुसरी गंमत जोडीची. तीनपत्तीत जोडीचे हात ३,७४४. पाच पानांत तीन सारखी आणि दोन सारखी मिळून होणाऱ्या फुल हाउसचे हातही बरोबर ३,७४४. हा योगायोग नाही. दोन्हीकडे गुणाकार एकच आहे: १३ × १२ × ६ × ४. एका खेळातला साधासुधा हात आणि दुसऱ्यातला मातब्बर हात एकाच साच्यातून निघालेले आहेत.

मग डोक्यात आली सावंतवाडीची गंजिफा. तिथल्या दशावतारी गंजिफेत गोल, हातानं रंगवलेली १२० पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. तो खेळ वेगळा आहे, पण समजा त्याच कॅटानं तीनपत्ती मांडली तर? एका रंगाची तीन पानं, प्युअर सोडून, २,१०० प्रकारे येतील आणि सिक्वेन्स ९,९००. म्हणजे सावंतवाडीच्या पानांनी खेळलो असतो तर तीनच पानांत भाऊ जिंकला असता. हाताचं बळ पानावरच्या राजा-राणीत नाही. किती पानं वाटली आणि कॅटात रंग किती, यावर ते ठरतं.

हे मोजणं आपल्याला परकं नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे धरता येतील, असं ते तिथे विचारतात. उत्तर ३६,२८,८००. त्यांच्या घराण्याची माहिती चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आजही वाचता येते. पावसाळी दुपारी चटईवर वही उघडून आपण मोजायला बसतो तेव्हा आपण त्याच वाटेनं चालत असतो.

तेव्हा पुढच्या डावाला भांडण झालंच, तर आवाज चढवण्याआधी कागद घ्या आणि मोजा. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला गुणाकार इतका जिवंत क्वचितच भेटतो.

त्या दुपारी चिंचोके मामालाच मिळाले. पानं तीन वाटली होती.