डास पाणथळात होतात की भरावात?

पावसाळ्यात पालघर-कोळगाव परिसरात भातखाचरांच्या कडेने पाणी धरून ठेवणारे सखल तुकडे दिसतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, २०२१ मध्ये कोळगावात जिल्हा मुख्यालय सुरू झाले आणि जमिनीला मागणी आली. अशी ओली जागा दिसली की सल्ला ठरलेला असतो : डास होतात, भराव टाका.

ही समजूत जुनी आहे. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. दलदलीतली हवा ताप आणते असे लोक मानत. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला आणि हवेवरचा आरोप गेला. दलदलीवरचा मात्र राहिला.

तो पूर्ण खोटाही नाही. भातखाचरे, झरे, संथ ओहोळ यांत मलेरियाचे ॲनोफिलीस डास वाढतात. पण जिवंत पाणथळात त्यांच्या अळ्यांना खाणारेही असतात : चतुरांची पिल्ले, पाणकिडे, डोक्यावर चमकता ठिपका असलेले छोटे मासे. काही वनस्पतीसुद्धा.

पावसाच्या शेवटी ओल्या कातळावर आणि खाचरांच्या बांधावर जांभळी-निळी फुले येतात, ती ‘सीतेची आसवे’. त्यांच्याच कुळातली एक पिवळ्या फुलांची जात तळ्यात मुळांशिवाय तरंगते. अशा पाण्यात नत्र कमी, म्हणून ही झाडे ते शिकारीतून मिळवतात. पानांवर बारीक पिशव्या असतात. झाड पिशवीतले पाणी बाहेर टाकून आत दाब कमी करते. तोंडावरच्या केसाला अळीचा धक्का लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट अळी आत ओढली जाते. याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. बांधावरच्या जातींच्या पिशव्या फार लहान, त्यांत सूक्ष्मजीवच सापडतात. डासांच्या अळ्या धरते ती तळ्यातली. तिच्या भरवशावर मच्छरदाणी काढून ठेवावी, असे कोणी समजू नये!

सांडपाणी शिरले की मात्र ही झाडे टिकत नाहीत. मासे आणि चतुरही कमी होतात. उरतो तो क्युलेक्स. घाण पाणी त्याला मानवते आणि हत्तीरोग तोच पसरवतो. जलपर्णी माजली तर आणखी एक भर. मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच श्वास घेतात, त्यामुळे पाण्यावर तेल टाकून त्या मरत नाहीत. केरळात हत्तीरोगाचा एक प्रकार या डासांनी पसरवला.

भरावाने काय होते? पावसाचे पाणी जाण्याची वाट बुजते. ते रस्त्याकडेच्या खड्ड्यांत, बांधकामाच्या टाक्यांत, तुंबलेल्या गटारात साचते. तिथे मासा नाही, चतुर नाही. डेंग्यूचा एडिस तर पाणथळाकडे फिरकतही नाही म्हटले तरी चालेल. त्याला पिंप, टायर, कुंडीखालची बशी आणि फ्रीजमागचा ट्रे पुरतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी घासून कोरडी करायची. नुसते पाणी ओतून दिले तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

चिखलात उतरणाऱ्यांना दुसरा धोका आहे, लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतले जंतू पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत पायाला चीर असेल तर ती झाकावी, शक्य तर गमबूट घालावेत. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर दुकानातून वेदनाशामक गोळी आणून दोन दिवस काढू नयेत. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि शेतात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. मलेरियासाठी रक्त तपासणी तिथे मोफत होते.