गुळवेल यकृताला किती तारते?

पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावरचे देहूरोड ओळखले जाते ते लष्करी डेपो आणि आयुध निर्माणीमुळे. दारूगोळ्याचे आणि यकृताचे वैर जुने आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या कारखान्यांत टीएनटी हाताळणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडे, लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत. त्यातल्या काहींना कावीळ होऊन यकृतच निकामी होई. १९१६ मध्ये या विषारी काविळीची नोंद सरकारला कळवणे तिथे सक्तीचे झाले.

काविळीवरचा घरगुती उतारा म्हणून ज्या वेलीचे नाव आपल्याकडे हमखास निघते, ती देहूरोडलगतच्या मावळात कुंपणावर नाहीतर कडुनिंबावर चढलेली असते. गुळवेल! हृदयाच्या आकाराची पाने, खाली लोंबणारी दोऱ्यासारखी मुळे आणि नखाने खरवडली की कागदासारखी निघणारी साल. आत हिरवीगार, कडूजहर कांडी. ती ठेचून रात्रभर भिजवायची किंवा काढा करायचा, ही रीत घरोघरी ठाऊक आहे.

या कडू कांडीत खरोखर काही आहे का, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी तपासले. त्यात डॉ. शरदिनी डहाणूकर होत्या. मराठी वाचक त्यांना ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून ओळखतात, पण त्यांचा पेशा औषधशास्त्राचा. १९८४ मध्ये त्यांच्या गटाने कार्बन टेट्राक्लोराइडमुळे यकृताला होणाऱ्या इजेवर गुळवेलीचा परिणाम प्रसिद्ध केला आणि वेल संरक्षण देते असा निष्कर्ष काढला.

कार्बन टेट्राक्लोराइड हा एकेकाळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये वापरला जाणारा द्रव. गंमत अशी, की त्याला घातक बनवते ते यकृतच. तिथले एक विकर त्याचे तुकडे करते आणि एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला कण तयार होतो. हा फ्री रॅडिकल पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूचा लचका तोडतो, तो रेणू शेजारच्याचा, अशी साखळी सुरू होते. आवरण फाटले की पेशीतले एसजीपीटी हे दुसरे विकर रक्तात सांडते. रक्ततपासणीत वाढलेला आकडा असतो तो याचाच. वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्ये या कणाला स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन साखळी तोडू शकतात.

प्रयोगशाळेतले असे यश भुईआवळा, कुटकी, हळद यांच्याही नावावर आहे. पण त्यात एक मेख असते. उंदराला बहुधा आधी वनस्पतीचा अर्क देतात, मग विष. माणूस मात्र काढ्याकडे वळतो तो डोळे पिवळे झाल्यावर. शिवाय अर्काने विषाचे तुकडे करणारे यकृताचे विकरच मंदावले, तर घातक कण तयारच होत नाही. निकाल चांगला दिसतो, पण त्याचे श्रेय अँटिऑक्सिडंटला देता येत नाही.

केईएमचा पुढचा प्रयोग जास्त बोलका आहे. पित्तनलिका अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांच्या शस्त्रक्रियेचा हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल मिळालेल्या गटात रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे कोणातच दिसली नाहीत; दुसऱ्या गटात ती निम्म्या रुग्णांत दिसली. यकृताच्या तपासण्या मात्र दोन्ही गटांत सारख्याच होत्या. फरक पडला होता तो जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कामात. म्हणजे वेलीने चेतवली ती प्रतिकारशक्ती.

हाच गुण करोनाकाळात अडचणीचा ठरला असावा. ‘इम्युनिटी’साठी घरोघरी काढे उकळत होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते आणि काहींच्या तपासण्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. इजा गुळवेलीमुळे झाली, या निष्कर्षाला आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी, पण खोडावर गाठी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

वनस्पतीतून आलेले औषध यकृताच्या आणीबाणीत वापरले जाते, हेही खरे. विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णाला युरोपात सिलिबिनिन शिरेतून देतात. ते मिल्क थिसल या काटेरी रोपाच्या बियांतून मिळते. पण तिथे द्रव्य एकच, मात्रा मोजलेली आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली असतो.

अर्थात मात्रा मोजलेली असली तरी औषध निर्धोक ठरतेच असे नाही. क्षयावरच्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या गोळ्यांनीही यकृताला इजा होऊ शकते. उपचार सुरू असताना गडद लघवी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर काढा वाढवण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून एसजीपीटी आणि बिलिरुबिन तपासून घ्यावे लागते. घरात कोणता पाला, चूर्ण किंवा काढा चालू आहे, हेही त्यांना तेव्हाच सांगायचे.