छर्रा काढला, शिसं उरलं

भात पोटरीला आलं की पोलादपूर तालुक्यातल्या कापडे, उमरठ या बाजूला रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप शेतात शिरला की खातो थोडं, लोळवतो फार. सकाळी शेतकऱ्याच्या हाती चिखलात आडवं झालेलं पीक उरतं. अशा वेळी कुणाचा हात बंदुकीकडे गेला, तर त्यामागचा संताप समजण्यासारखा आहे. कायदा मात्र स्पष्ट आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. तरीही कोकणात ठासणीच्या बंदुका पकडल्याच्या बातम्या येत राहतात आणि शिकारीचे वाटे पडत राहतात. वाट्याला आलेल्या त्या मांसातून घरात शिसंही येतं. ते दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

विषारी धातू म्हटलं की इथल्या माणसाला आधी महाडची एमआयडीसी आठवते. हा संशय वावगा नाही. पण सावित्री महाबळेश्वरहून उतरते, पोलादपूर ओलांडते आणि मग महाडला जाते. कारखान्यांचं सांडपाणी उलटं डोंगर चढून कापड्याच्या रानात येत नाही. डुक्कर मुळं आणि गांडुळं शोधत जमीन उकरतं, त्यामुळे मातीतले धातू त्याच्या पोटात जातात हे खरं. कॅडमियम तर वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साठत राहतं, म्हणून म्हाताऱ्या डुकराची कलेजी-गुर्दा खाण्यात वेगळा धोका आहे. पण बंदुकीच्या बाराने मारलेल्या जनावराच्या मांसात शिशाचा मोठा वाटा येतो तो बार सुटल्यानंतरच्या एका क्षणात. शिसं मऊ असतं, नखाने ओरखडा उठतो इतकं. छर्रा फऱ्याच्या हाडावर आदळला की चेपतो आणि त्याचे कण जखमेभोवतीच्या मांसात विखुरतात. काही खसखशीएवढे, काही त्याहून बारीक. रक्ताळलेल्या मांसात ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागत नाहीत.

छर्रे वेचून काढले की झालं, असं यावर सहज म्हटलं जातं. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रायफलने मारलेली 30 हरणं व्यावसायिक खाटकांकडे देऊन त्यांचं मांस नेहमीसारखं साफ करवून घेतलं होतं. नंतर क्ष-किरणांखाली पाहिलं, तर 80 टक्के हरणांच्या खिम्यात धातूचे कण सापडले. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं, म्हणजे कण नुसते पोटातून बाहेर पडले नाहीत, अंगात मुरले. रायफलची गोळी ठासणीच्या बारापेक्षा कितीतरी वेगवान असते आणि जास्त फुटते, हा फरक मान्य करायला हवा. पण स्पेनमध्ये लावे पक्ष्यांच्या मांसात शिशाचे छर्रे ठेवून ते शिजवून पाहिलं, तेव्हा व्हिनेगर घातलेल्या मांसात शिसं अधिक उतरलं. आपल्या रश्श्यात आमसूल, चिंच, लिंबू पडलं की रसायनशास्त्र तेच राहतं. धोका फक्त मांसातूनच येतो असंही नाही. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे घरच्या चुलीवरही गोळ्या ओतता येतात. त्या वेळी उठणारी वाफ आणि मागे राहणारी धूळ तर थेट घरातल्या पोरांच्या श्वासात आणि हातातोंडात जाते.

आमच्या आजा-पणज्यांनी आयुष्यभर शिकार खाल्ली, त्यांना काही झालं नाही, हा आक्षेप सर्वांत जोरदार असतो. पण शिशाने माणूस तडकाफडकी आजारी पडतोच असं नाही. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं, हाडांत साठवतं आणि गरोदरपणात ते हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचतं. मुलाची आकलनशक्ती थोडी उणावली, तर तो दोष मुलावरच येतो, शिकारीच्या जेवणावर कुणी ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी ठाऊक नाही. युनिसेफच्या 2020च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात डेसिलीटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि त्यांत भारतातली मुलं सुमारे साडेसत्तावीस कोटी. अशा मुलाच्या ताटात वर्षातून दोनदाच का होईना, आणखी शिसं वाढायचं कशाला? जर्मनीत तर शिकार कायदेशीर आहे, तरीही तिथली जोखीम मूल्यांकन संस्था लहान मुलांना आणि गरोदर बायकांना शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचं मांस टाळायला सांगते. आपल्याकडे ते चोरून वाटलं जात असल्याने कुठल्याच तपासणीतून जात नाही.

रानात टाकलेली आतडी आणि कातडंही गणतीत धरायला हवं. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं अशाच अवशेषांतल्या शिशाने मरत होती. 1982 साली ती जेमतेम 22 उरली होती. तिथे शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर 1 जुलै 2019 पासून पूर्ण बंदी आहे. आपल्याकडची गिधाडं गुरांच्या डायक्लोफिनॅक या औषधाने संपत आली, आणि म्हसळ्यात चिरगावला, महाडमध्ये नाणेमाचीला उरलेल्यांना जगवायची धडपड चालली आहे. त्यांच्या आभाळाखाली बार लागलेली आतडी उघड्यावर पडता कामा नयेत. राहिला शेतकरी. त्याला नुसती बंदी ऐकवून भागणार नाही. पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी, कुंपणाला अनुदान मिळावं. आणि जिथे वनखातं रीतसर परवानगी देऊन उपद्रवी डुक्कर मारू देतं, तिथे गोळी तांब्याची असावी आणि मेलेलं जनावर खोल खड्ड्यात पुरलं जावं.