३६५ गडी, ३६ मुकादम

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक पपायरस आहे. त्यावर देवदेवतांची चित्रे नाहीत, रंग नाहीत. ती चक्क एक पावती आहे. जवळपास २९०० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अमुन देवाच्या मंदिरात ताईत घडवणाऱ्या मुख्य कारागिराने ती एका गिऱ्हाइकाला लिहून दिली. गिऱ्हाइकाने आपल्या वडिलांसाठी माल घेतला होता: ३६५ बाहुल्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारे ३६ मुकादम, एकूण ४०१ नग. रक्कम शुद्ध चांदीत पोचली, असे कारागीर कबूल करतो. हे सगळे गुलाम आणि गुलामिणी आहेत, असेही नमूद करतो. आणि मग त्याच पावतीत तो त्या बाहुल्यांनाच दम भरतो, की हाक आली की ताबडतोब कामाला हजर व्हायचे.

हाक मारणारा म्हणजे मेलेला बाप, आणि काम म्हणजे परलोकातली शेती.

इजिप्तच्या परलोकाचा विषय निघाला की पिरॅमिड, ममी आणि हृदय तोलणारा तराजू यांच्यापुढे गप्पा सहसा सरकत नाहीत. मला मात्र त्या सगळ्या कल्पनेचा गाभा या रुक्ष पावतीत जास्त स्पष्ट दिसतो. मेल्यावर आराम आपोआप मिळेल, असे इजिप्तच्या माणसाने कधी गृहीत धरले नाही. मेल्यावरही वेठ लागेल, हे मात्र त्याने गृहीत धरले आणि तिच्यातून सुटायची तजवीज केली. ती तजवीज म्हणजे या बाहुल्या. अभ्यासक त्यांना शब्ती किंवा उशब्ती म्हणतात.

वेठ त्यांच्या ओळखीची होती. नाईलचा पूर ओसरला की पाट उपसायला, बांध घालायला, सरकारी शेते कसायला गावोगावची माणसे धरून नेत. ब्रुकलिन म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी अठराव्या शतकाच्या आसपासचा एक पपायरस आहे. वेठीच्या कामावरून पळालेल्या जवळपास ८० जणांची ती नावनिशीवार यादी आहे. बायकांचीही नावे तिच्यात आहेत. राज्य अशा नोंदी ठेवत असेल, तर परलोकाचा राजा ओसायरिस का ठेवणार नाही? त्याच्याकडेही शेते होती, पाट होते, म्हणजे हजेरीपटही असणारच. शब्तीच्या अंगावर जो मंत्र कोरलेला असतो त्यात कामांची यादीच येते: शेत लावणे, काठच्या जमिनीला पाणी देणे, पूर्वेकडची वाळू पश्चिमेकडे वाहून नेणे. मेलेल्याचे नाव पुकारले गेले की त्याच्याऐवजी बाहुलीने ओ द्यायची. या व्यवस्थेतून राजाही सुटला नव्हता. ओसायरिसच्या राज्यात फेरोही रयतच.

सुरुवातीला, म्हणजे इ.स.पू. २००० च्या सुमारास, एका माणसाला एखादी बाहुली पुरत असे. ती नीट कोरलेली असे, तिला स्वतःची इवलीशी शवपेटीही मिळे. ती नोकर नव्हती. ती मेलेल्या माणसाची प्रतिमा होती, त्याचाच चेहरा आणि त्याचेच नाव घेऊन उभी राहणारी बदली. पुढची हजार वर्षे हा आकडा वाढत गेला, आणि वाढता वाढता त्याने बाहुलीची जातच बदलून टाकली.

४०१ चा हिशेब पंचांगातला आहे. इजिप्तचे वर्ष ३६५ दिवसांचे. महिना ३० दिवसांचा, आणि आठवडा सात नव्हे, दहा दिवसांचा. म्हणजे वर्षात ३६ आठवडे, ३६० दिवस. उरलेले पाच दिवस वरचे, ते देवांच्या जन्माचे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक गडी आणि प्रत्येक आठवड्याला एक मुकादम, असा हा संच बसवला आहे. शेवटच्या पाच दिवसांच्या पाच गड्यांवर मुकादम कोण, हा प्रश्न माझ्या हिशेबी डोक्यात राहून राहून येतो; पण सणाच्या दिवशी देखरेख ढिली पडायचीच. आणखी एक गंमत पाहा. दिवसाला एक गडी हे धरून चालले, तर प्रत्येक बाहुलीच्या वाट्याला वर्षातून एकच दिवस काम येते, आणि ३६४ दिवस सुट्टी. मुकादमाला दहा दिवस. मालकाला शून्य.

मुकादम बाहुल्यांत लगेच ओळखू येतो. गडी ममीसारखे गुंडाळलेले, छातीवर हाताची घडी, मुठीत कुदळी, पाठीवर बियाण्याची पिशवी. मुकादमाच्या अंगावर मात्र जिवंत माणसाचे कपडे, पुढे फुगलेला घागऱ्यासारखा पंचा आणि हातात आसूड. बोटभर उंचीच्या निळ्या झिलईच्या मातीतही कारागिराने हा फरक राखला आहे. ऊसतोडीच्या फडावर उभ्या राहिलेल्या कोणाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

या गणिताचा सगळ्यात भारी नमुना तुतनखामेनचा. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला ते थडगे सापडले, आणि ते रिकामे करायला दहा वर्षे लागली. ५३९८ वस्तू निघाल्या. त्यांत शब्ती होत्या ४१३: दिवसांचे ३६५ गडी, आठवड्यांचे ३६ मुकादम आणि वर १२ महिन्यांचे १२ बडे अंमलदार. शिवाय त्यांच्यासाठी कुदळी, टोपल्या, कावडी अशी छोटी छोटी १८६६ अवजारे. माणशी साडेचार अवजारे झाली. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास मेलेल्या, जेमतेम दहा वर्षे राज्य केलेल्या या पोराने उभ्या जन्मात कुदळ हातात धरली नसेल. त्याच्या काही शब्ती लाकडाच्या, सोन्याचा पत्रा चढवलेल्या, मुकुट घातलेल्या आहेत. त्या पाहिल्या की कळते, की या टप्प्यावर बाहुली अजून निव्वळ गडी झालेली नाही. ती अजून थोडी राजाच आहे, आणि तरीही तिला चिखलात उतरायचे आहे.

ज्या शेतासाठी एवढी माणसे लागत, ते शेत मुळात होते केवढे? मृतांच्या मंत्रांच्या पोथ्यांत त्याची मापे दिलेली आहेत. त्या बोरूच्या शेतात जव पाच हात उंच वाढतो, त्यातली दोन हात ओंबी आणि तीन हात काड. खपली गहू सात हात, त्यातली ओंबी तीन हातांची. इजिप्तचा शाही हात साडेबावन्न सेंटीमीटरच्या आसपास धरला, तर जव अडीच मीटरच्या वर जातो आणि खपली साडेतीन मीटरच्या. दीड मीटरची ओंबी! सातारा-सांगलीकडे खपली अजून पिकते. तिची ओंबी वीतभरही नसते. हे पीक कापणारे पुण्यात्मेही त्याच मापाचे, नऊ हात उंच, म्हणजे सुमारे पावणेपाच मीटर. भूक माहीत असलेल्या माणसांनीच असा स्वर्ग मोजून ठेवावा.

या शेताचे सर्वांत देखणे चित्र राजाच्या थडग्यात नाही. ते देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत आहे. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या मंडळींचे हे गाव. तिथला सेन्नेजेम हा सेती पहिला आणि रामसेस दुसरा यांच्या काळातला कारागीर, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकातला. १८८६ मध्ये त्याचे थडगे उघडले तेव्हा आत घरच्या माणसांच्या मिळून २० ममी होत्या. कक्ष मोठा नाही, लांबी पाचएक मीटर. भिंतीवर सेन्नेजेम आणि त्याची बायको इनेफेर्ती कापणी करताहेत, नांगर धरताहेत, जवस उपटताहेत. दोघांच्या अंगावर पांढरेशुभ्र, चुण्यांचे तलम कपडे आहेत. कपड्यांवर चिखलाचा एक डाग नाही, की कोणाच्या कपाळावर घाम नाही. ओसायरिसच्या शेतावर ही जोडी लग्नाला निघाल्यासारखी राबते आहे.

आणि त्याच थडग्यात शब्तींच्या पेट्याही सापडल्या. भिंतीवर मालक हौसेने कापणी करतो आणि पेटीत त्याच्या बदली कापणी करणारे गडी उभे आहेत. अभ्यासक या विसंगतीची उत्तरे देतात, पण मला ती विसंगती वाटतच नाही. शेत हवे होते, वेठ नको होती. हवे ते भिंतीवर रंगवले, नको ते बाहुल्यांच्या गळ्यात घातले. याच गावातल्या लोकांनी पुढे रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५८ च्या सुमारास, शिधा थकला म्हणून काम टाकून दिले आणि मंदिराच्या आवारात जाऊन बसले. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानतात. त्याची हकीकत तुरिनच्या पपायरसवर आहे.

मजुरी थकली की मजूर उठतो, हे कळल्यावर पुढची पायरी ओघाने आलीच. बाहुल्यांना पैसे मिळाले नाहीत तर? ही भीती इ.स.पू. दहाव्या शतकात अगदी वरच्या घरात पोचलेली दिसते. अमुनचा मुख्य पुरोहित पिनेजेम दुसरा याची बायको नेसखोन्स वारली, तेव्हा तिच्या शब्तींसाठी खुद्द अमुन देवाचा हुकूम काढण्यात आला. लाकडी फळ्यांवर लिहिलेल्या त्या हुकमाचे सार असे: या बाहुल्या घडवणाऱ्यांना त्यांचा मोबदला चुकता झाला आहे, म्हणून बाहुल्या नेसखोन्सच्या कामाला बांधील आहेत. देवाच्या सहीची थकबाकी-मुक्ती! सुरुवातीची पावती वाचताना त्यातल्या चांदीच्या उल्लेखाला एवढे वजन का, हे इथे कळते.

याच नेसखोन्सच्या मुलीसाठी, नेसितानेबताश्रूसाठी, मंत्रांची जी पोथी तयार झाली ती ३७ मीटर लांब आहे. तिला ग्रीनफील्ड पपायरस म्हणतात, आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ती आता ९६ तुकड्यांत मांडलेली आहे. हृदयाचा न्याय, ४२ देवांसमोर ‘मी हे पाप केले नाही’ अशी ४२ नकारांची कबुली, बोरूचे शेत, सगळे तिच्यात रेषांनी काढलेले आहे. आईसाठी फळ्यांवर कायदेशीर बंदोबस्त झाला, लेकीने परलोकाचा अख्खा नकाशाच बरोबर नेला.

आकड्यांचा कळस मात्र इजिप्तच्या बाहेर, आजच्या सुदानमध्ये गाठला गेला. इजिप्तवर राज्य केलेला कुशचा राजा तहार्का इ.स.पू. ६६४ मध्ये वारला. नुरी इथल्या त्याच्या पिरॅमिडखाली जॉर्ज राइझनरला १९१७ च्या सुमारास १०७० शब्ती मिळाल्या. त्या साच्यातल्या बोटभर मूर्ती नव्हत्या. त्या दगडात कोरलेल्या होत्या, त्यांतल्या कित्येक हातभर उंचीच्या. पंचांगाचा हिशेब इथे संपला, कारण १०७० ला ३६५ ने भागून काही हाती लागत नाही. पुढच्या पिढ्यांतल्या सेन्कामनिस्केन राजाकडे तर १२७७ होत्या. चीनच्या छिन शी ह्वांगची मातीची फौज अंदाजे ८००० सैनिकांची, तीही माणसाच्या उंचीची. तिच्यापुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण ती एका सम्राटाची एकदाच केलेली मागणी होती. इजिप्तमध्ये पुरोहित, लेखनिक, त्यांच्या बायका, सगळेच हा संच विकत घेत होते, आणि बाहुल्यांची ही चाल जवळपास दोन हजार वर्षे टिकली.

१८९१ मध्ये देर अल-बहरीजवळ बाब अल-गसुस नावाचे भुयार सापडले. त्यात नेसखोन्सच्या काळाच्या आसपासच्या, अमुनच्या पुरोहित घराण्यांतल्या १५३ जणांच्या शवपेट्या होत्या आणि शब्तींच्या ११० पेट्या. प्रत्येकाला ४०१ चा पूर्ण संच मिळाला असता, तर एका भुयारात ६१,३५३ गडी आणि मुकादम भरले असते. एवढा माल हाताने कोरून होणार नव्हता. तो साच्यातून निघे, घाईने भाजला जाई, आणि मालकाचे नाव काळ्या शाईने कसेबसे खरडले जाई. संग्रहालयात या काळातल्या बाहुल्या रांगेने मांडलेल्या पाहिल्या की नाकडोळे शोधावे लागतात. त्याआधी हजारएक वर्षे जी बाहुली माणसाचा चेहरा घेऊन उभी होती, तिला आता चेहरा उरलेला नाही. पावतीतला गुलाम हा शब्द त्या मानाने प्रामाणिक म्हणायचा. १८९३ मध्ये इजिप्त सरकारने या भुयारातल्या मालाचे वाटे करून ते परदेशांना भेट दिले. अशा वाटणीत गडी एका देशात आणि मुकादम दुसऱ्यात, अशी फाटाफूट व्हायचीच.

१८८८ मध्ये फ्लिंडर्स पेट्रीने हवारा इथल्या पाण्याने भरलेल्या एका थडग्यात शिरून होरुजा नावाच्या पुरोहिताच्या शब्ती बाहेर काढल्या. या उशिराच्या, पण पुन्हा नीट घडवलेल्या, दाढीवाल्या, रेखीव चेहऱ्यांच्या. मोजल्या तर भरल्या ३९९. त्यांत आसूडवाला एकही नाही, कारण तोवर मुकादम हे पदच मोडीत निघाले होते. त्यानंतर टॉलेमी राजांच्या काळात शब्ती घडवणेच थांबले.